शनिवार-रविवारी दूरदर्शन : डीडी नॅशनल लावायची की डीडी भारती?

निकाल आधी सांगतो, कारणं पुढे येतीलच. सुट्टीच्या दिवशी घरातली लहानमोठी सगळी मंडळी मिळून तास-दीड तास काही बघणार असतील तर डीडी नॅशनल. एकट्यादुकट्यानं नीट बसून गाणं, नाच, जुन्या मुलाखती, माहितीपट बघायचे असतील तर डीडी भारती, आणि तीही शक्यतो रेकॉर्ड करून. दोन्ही वाहिन्या प्रसार भारतीच्या, दोन्ही देशभर दिसणाऱ्या आणि दोन्हींना वेगळं शुल्क नाही. त्यामुळे इथे प्रश्न पैशांचा नाही, दोन दिवसांतले मोकळे तास कुठे घालायचे याचा आहे.

दोघींच्या स्वभावात मूळ फरक आहे. नॅशनल घड्याळावर चालते: अमुक वाजता अमुक कार्यक्रम, चुकला तर चुकला. भारती संग्रहावर चालते. दूरदर्शनच्या देशभरच्या केंद्रांनी वर्षानुवर्षं केलेलं चित्रीकरण हा तिचा मोठा साठा, आणि त्यातला कुठला तुकडा कधी वर येईल हे वेळापत्रक पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून नॅशनल वेळेनुसार बघावी आणि भारती विषयानुसार. हे उलटं केलं की दोन्हीकडे निराशा होते. शनिवारी दुपारी सहज नॅशनल लावणाऱ्याला मालिकेचा मधलाच भाग भेटतो. रविवारी सकाळी आठला भारती लावून ‘काहीतरी छान लागेल’ म्हणून बसणाऱ्याला कधी उत्तम मैफल मिळते, कधी एखाद्या परिसंवादाचं लांबलचक चित्रीकरण.

वाहिन्यांची पूर्वपीठिका

दूरदर्शनची सुरुवात 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत झाली. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पण आज आपण जिला ‘नॅशनल’ म्हणतो तिचा खरा पाया 15 ऑगस्ट 1982 चा. त्या दिवशी राष्ट्रीय प्रक्षेपण आणि रंगीत चित्र दोन्ही सुरू झाली. देशभर एका वेळी एकच कार्यक्रम, ही कल्पना तेव्हापासून या वाहिनीच्या अंगात मुरली आहे. मोठे राष्ट्रीय सोहळे, राजपथावरचं (आताच्या कर्तव्यपथावरचं) संचलन, लाल किल्ल्यावरचं भाषण हे सगळं तिच्याकडेच येतं. हे तिचं बळ आहे आणि सुट्टीच्या प्रेक्षकासाठी तीच तिची अडचणही आहे. थेट प्रक्षेपण आलं की ठरलेला कार्यक्रम मागे सरकतो किंवा त्या दिवसापुरता गळतो.

डीडी भारती त्यामानानं तरुण, 26 जानेवारी 2002 ची. शास्त्रीय संगीत, नृत्य, साहित्य, लोककला, चित्रकला, आरोग्य, वारसास्थळं हे तिचं क्षेत्र. तिच्याकडे ताजी बातमी नाही, त्यामुळे घाईही नाही. एखादा कलाकार वीस मिनिटं आलापी करत असेल तर कॅमेरा वीस मिनिटं तिथेच थांबतो. खासगी वाहिन्यांवर हे आता जवळजवळ पाहायला मिळत नाही, आणि या एका गोष्टीसाठीसुद्धा भारती जपण्यासारखी आहे.

दोन वाहिन्या एकत्र कशा बघाव्यात, याचा एक नमुना

शनिवार-रविवारची सांगड कशी घालावी याचं सगळ्यात चांगलं उदाहरण खुद्द दूरदर्शननंच 2020 मध्ये घालून दिलं. 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली आणि शनिवारी, 28 मार्चला, ‘रामायण’ नॅशनलवर पुन्हा सुरू झालं. सकाळी 9 ते 10 एक भाग आणि रात्री 9 ते 10 पुढचा. त्याच दिवशी भारतीवर ‘महाभारत’ आलं, दुपारी 12 आणि संध्याकाळी 7 वाजता. चारही वेळा मांडून बघा: 9, 12, 7, 9. एकही दुसऱ्यावर चढत नाही. सकाळचा नाश्ता उरकून पहिली, जेवणाआधी दुसरी, दिवेलागणीनंतर तिसरी, रात्रीच्या जेवणानंतर चौथी. एरवी बहुतेक घरांत भारतीचा क्रमांकही कुणाला पाठ नसतो. त्या आठवड्यांत तो कित्येकांना तोंडपाठ झाला.

मूळ प्रक्षेपणात मात्र या दोन मालिका एकाच वाहिनीवर, एकामागून एक आल्या होत्या: पहिली 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988, दुसरी 2 ऑक्टोबर 1988 ते 24 जून 1990, दोन्ही रविवारी सकाळी. आठवड्याला एक भाग आणि मध्ये सात दिवसांची वाट. 2020 ला तेच साहित्य दिवसाला दोन भाग या गतीनं आलं. आता सुट्टीचं नियोजन करताना यातून घेण्यासारखं एवढंच, की दोन वाहिन्यांमध्ये एकच निवडायची सक्ती नाही. एका तासाला एक निवडा. दिवसभरासाठी एकाच वाहिनीला बांधून घेतलं तर दोन्हींचा कमकुवत भागही बघावा लागतो.

तासातासाचा हिशेब

शनिवारची सकाळ दोन्हीकडे मध्यम. कामं असतात, लक्ष अर्धं असतं. टीव्ही नुसता चालू ठेवायचा असेल तर नॅशनल बरी, कारण मधूनच पाहिलं तरी धागा सापडतो. भारती पार्श्वभूमीला लावून ठेवू नये. ख्याल ऐकताना मिक्सर चालू असेल तर दोघांचाही अपमान होतो.

शनिवारची दुपार भारतीला द्यावी. जेवणानंतरचे दोन तास घर शांत असतं. अर्ध्या-एक तासाचे माहितीपट आणि मुलाखती याच वेळेला पचतात. वेळापत्रकात नृत्याचा कार्यक्रम दिसला तर पडदे ओढून घ्या, कारण जुन्या चित्रीकरणात रंगमंचाची पार्श्वभूमी काळी असते आणि खिडकीचा उजेड पडद्यावर पडला की नर्तकीच्या हातांची हालचाल त्या काळोखात विरून जाते.

शनिवारची रात्र ज्याच्या त्याच्या घरावर. मुलं जागी असतील तर नॅशनलवरची मालिका. मुलं झोपल्यावर संगीत.

रविवारची सकाळ मात्र नॅशनलचीच. ‘रंगोली’तल्या जुन्या हिंदी गाण्यांनी दिवस सुरू करण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ती मोडण्याचं काही कारण दिसत नाही. आजी-आजोबांना गाणं माहीत असतं, मुलांना नट-नट्या विचाराव्याशा वाटतात, आणि तीन-चार मिनिटांचा तुकडा असल्यामुळे चहा टाकायला उठलं तरी काही बिघडत नाही. फक्त महिन्याचा शेवटचा रविवार लक्षात ठेवा. त्या दिवशी सकाळी 11 ला ‘मन की बात’ असते, साधारण अर्धा तास. 3 ऑक्टोबर 2014 ला सुरू झालेला हा कार्यक्रम ऐकायचा असेल तर उत्तमच. नसेल तर 11 च्या आसपासच्या दुसऱ्या कार्यक्रमावर त्या दिवशी विसंबू नका.

रविवारची संध्याकाळ हा खरा निवडीचा तास. नॅशनल आपली मोठी मालिका बऱ्याचदा रविवारी रात्री ठेवते. स्वातंत्र्यलढ्यावरची 75 भागांची ‘स्वराज’ 14 ऑगस्ट 2022 पासून दर रविवारीच दाखवली गेली. अशी मालिका चालू असेल तर ती सलग बघायची की नाही हे पहिल्या दोन-तीन रविवारांतच ठरवावं. मधल्या भागापासून सुरू केलं तर पात्रं ओळखण्यातच तास जातो. मालिका चालू नसेल किंवा मनात भरली नसेल तर भारतीकडे वळावं.

जाहिरातींचं गणितही इथेच. केबल टीव्ही नियमांनुसार कुठल्याही वाहिनीला तासाला 12 मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत: 10 मिनिटं व्यावसायिक आणि 2 मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांच्या. म्हणजे नॅशनलवर तासाची मालिका असली तरी प्रत्यक्ष कथा 48 मिनिटांच्या आसपास धरावी. भारतीवर व्यावसायिक जाहिराती कमी दिसतात, पण दोन कार्यक्रमांच्या मध्ये भरणीचे तुकडे येतात. त्यामुळे पुढचा कार्यक्रम दोन-पाच मिनिटं पुढेमागे होतो. ही गोष्ट रेकॉर्डिंगच्या वेळी कामी येईल.

क्रिकेट : इथे नॅशनललाही मर्यादा आहे

शनिवार-रविवारी भारताचा सामना असेल तर सगळा बेत बदलतो, आणि दर वेळी केबलवाल्याशी भांडण होतं. ‘दूरदर्शनवर सामना आहे म्हणतात, मग आमच्याकडे का दिसत नाही?’ याचं उत्तर कायद्यात आहे. 2007 च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्रण हक्कधारक वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-20 सामने त्यात येतात. पण ते प्रसार भारतीनं फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणातून आणि स्वतःच्या डीटीएचमधून, म्हणजे डीडी फ्री डिशवरून, दाखवायचं. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं: असा मिळालेला सामना खासगी केबल आणि डीटीएचवरच्या दूरदर्शन वाहिनीतून पुढे जाता कामा नये. म्हणून फ्री डिशच्या घरात दूरदर्शनवर सामना आणि शेजारच्या केबलच्या घरात त्याच वेळी दुसराच कार्यक्रम, हे घडतं. केबलवाला खोटं बोलत नाही आणि बॉक्सही बिघडलेला नाही.

सामना सुट्टीच्या बेतात महत्त्वाचा असेल तर ‘नॅशनल की भारती’ याआधी ‘फ्री डिश की केबल’ हा प्रश्न सोडवा. भारतीचा सामन्यांशी संबंध नाही, त्यामुळे तिचं वेळापत्रक क्रिकेटच्या दिवशीही आपल्या चालीनं चालतं. ज्यांना क्रिकेट नको आहे त्यांच्यासाठी ही मोठीच सोय.

चित्र : भारतीसाठी टीव्हीची मांडणी बदलावी लागते

नॅशनलची एचडी आवृत्ती आहे. बॉक्स एचडीचा असेल आणि ती मिळत असेल तर तीच लावावी, नव्या मालिका आणि थेट सोहळे त्यात फार स्वच्छ दिसतात. भारती साध्या एसडी दर्जात येते. मोठ्या पडद्यावर ती थोडी मऊ, पुसट वाटणारच. पण खरा घोटाळा पुसटपणाचा नाही, चौकटीचा आहे.

जुनं चित्रीकरण 4:3 चौकटीत झालेलं, आणि आजचा टीव्ही 16:9. बॉक्स किंवा टीव्ही ‘फुल’वर असेल तर चित्र आडवं ताणलं जातं, रुंदी एक-तृतीयांशानं वाढते. गायकाचा चेहरा बसका दिसतो, सतारीचा भोपळा लंबगोल होतो. ते टाळण्यासाठी कुणी ‘झूम’ करतं, आणि मग जे जातं ते भरून येत नाही. 4:3 चित्र झूम करून पडदा भरला की उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो, वरून अष्टमांश आणि खालून अष्टमांश. कथक बघत असाल तर खालचा अष्टमांश म्हणजे नेमकी पावलं. तत्कार (पावलांनी काढलेले बोल) ऐकू येतो, घुंगरं वाजताना कळतं, पण पाय पडद्याबाहेर. भरतनाट्यममधलं अरैमंडीचं, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून, बसणं, टाच आणि चवडा यांचा फरक, सगळं त्या कापलेल्या पट्टीत असतं.

उपाय सोपा आहे, एकदाच करायचा. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन पडदा 16:9 ठेवा आणि त्याखालचा पर्याय ‘पिलर बॉक्स’ किंवा ‘ऑटो’ करा. ‘पॅन स्कॅन’ नको. मग टीव्हीच्या रिमोटवर चित्राचा आकार ‘ओरिजिनल’, ‘ऑटो’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ यांपैकी जो असेल तो ठेवा. दोन्ही ठिकाणी बदल करायचा, एका ठिकाणी केला तर दुसरं यंत्र पुन्हा ताणतंच. बरोबर झालं की चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. घरातलं कुणीतरी म्हणेलच, ‘पडदा भरला नाही.’ त्यांना नर्तकीची पावलं दाखवा.

कधी कधी कार्यक्रमावर चारही बाजूंनी काळी चौकट येते आणि चित्र मधोमध लहानसं दिसतं. रुंद चौकटीतलं चित्रण 4:3 मध्ये बसवून नंतर पुन्हा 16:9 मध्ये बसवलं की असं होतं. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, झूम वापरावा, कारण तेव्हा कापली जाते ती काळी पट्टी. कार्यक्रम संपला की आठवणीनं मागे या.

जुन्या टेपवरच्या चित्रात झटकन हालचाल झाली की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. तो तुमच्या टीव्हीचा दोष नव्हे. ते चित्र एकाआड एक ओळींनी रंगवलेलं आहे आणि आजचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो. बॉक्सचं आउटपुट 576 वर ठेवून ओळी जुळवण्याचं काम टीव्हीकडे सोपवलं तर बऱ्याचदा रेघा कमी होतात. टीव्हीतली ‘मोशन स्मूदिंग’ बंद ठेवा. ती जुन्या चित्राला मेणासारखं करून टाकते.

आवाज : इथे थोडा वेळ द्या

नॅशनलसाठी टीव्हीचा नेहमीचा आवाज पुरतो. संवाद स्पष्ट हवे असतील तर ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ ठेवा, विषय संपला.

भारतीवर संगीत ऐकताना तीच सेटिंग घात करते. ‘व्हॉइस’ मोड मधला आवाज उचलतो आणि खालचा-वरचा दाबतो. तबल्यातला बायाँ, म्हणजे डग्गा, पोकळ होतो आणि तानपुरा जवळजवळ नाहीसा. त्याहून वाईट म्हणजे ‘ऑटो व्हॉल्यूम’. ही सोय जाहिरातींचा कर्कशपणा आवरायला बनवली आहे. हळू आवाज ती वर ओढते, मोठा खाली दाबते. विलंबित आलापात गायक मंद्र सप्तकात हळुवार जातो तेव्हा ती टेपची खरखर वर आणते. मग द्रुत तान घेत गायक समेवर येतो, श्रोत्यांची दाद उसळते आणि नेमक्या त्या क्षणी आवाज आत खेचला जातो. सम निसटल्यासारखी वाटते. गायकाचा त्यात काही दोष नाही. ‘ऑटो व्हॉल्यूम’ आणि ‘नाइट मोड’ बंद करा, आवाजाचा मोड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘म्युझिक’ ठेवा. वाढवलेला बास शून्यावर आणा.

काही जुन्या कार्यक्रमांत आवाज एकाच बाजूच्या स्पीकरमधून येतो. मूळ ध्वनिमुद्रण एकाच पट्टीवर असतं आणि प्रक्षेपणात दुसरी बाजू रिकामी राहते. बॉक्सच्या रिमोटवर ‘ऑडिओ’ किंवा ‘एल/आर’ बटण असतं, ते दाबत ‘मोनो’वर या, आवाज दोन्हीकडे येईल. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. संगीत नियमित ऐकणार असाल तर साधे दोन स्पीकर जोडल्यानं जितका फरक पडतो तितका नवा टीव्ही घेऊनही पडत नाही.

रेकॉर्डिंग : भारतीसाठी जवळजवळ आवश्यक

नॅशनलवरच्या मालिका पुन्हा दाखवल्या जातात, आणि बऱ्याच नंतर इंटरनेटवरही मिळतात. भारतीवरची एखादी मैफल मात्र आज दिसली म्हणजे पुढच्या महिन्यात दिसेल असं नाही. म्हणून भारतीचा प्रेक्षक रेकॉर्डिंग शिकला की त्याची निम्मी अडचण संपते.

फ्री डिशच्या बहुतेक बॉक्सना यूएसबीचं तोंड असतं आणि त्यात रेकॉर्डिंगची सोय. 32 जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या आणि तो एफएटी-32 पद्धतीनं फॉरमॅट करा. एसडी वाहिनी सेकंदाला साधारण 3 मेगाबिट धरली तर तासाला 1.35 जीबी लागतात, म्हणजे एका ड्राइव्हमध्ये वीसेक तास सहज मावतात. एफएटी-32 मध्ये एक फाइल 4 जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे सलग तीन तासांच्या आसपास रेकॉर्डिंगचे तुकडे पडतात. चांगला बॉक्स पुढची फाइल आपोआप सुरू करतो, हलका बॉक्स तिथेच थांबतो. आपला बॉक्स कुठल्या जातीचा आहे हे रात्रभराची संगीतसभा लावण्याआधी एखाद्या दुपारी तपासून घ्या. पेन ड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क लावली तर बॉक्सच्या तोंडातून तिला पुरेशी वीज मिळत नाही, ती टिकटिकते आणि मध्येच गळते. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क असेल तरच लावा.

टायमर लावताना कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधीपासून पंधरा मिनिटं नंतरपर्यंत लावा. मघाशी म्हटलेले भरणीचे तुकडे आणि लांबलेली भैरवी दोन्ही त्यात येतात. टायमरचा प्रकार ‘रेकॉर्ड’ आहे ना हे बघा. पुष्कळ बॉक्समध्ये तो आपोआप ‘चॅनल बदला’वर असतो आणि सकाळी ड्राइव्ह रिकामा मिळतो. वेळेचा विभाग जीएमटी अधिक 5:30 असायला हवा, नाहीतर रेकॉर्डिंग साडेपाच तास चुकतं. बॉक्स रिमोटनं बंद करा, भिंतीवरचं बटण चालू राहू द्या. आणि रेकॉर्डिंग चालू असताना साध्या बॉक्सवर दुसरी वाहिनी बघता येत नाही. शनिवारी रात्री भारती रेकॉर्ड करत नॅशनल बघायची असेल तर दुसरी फोनवर लावावी लागेल.

खासगी डीटीएचच्या बॉक्सवर रेकॉर्ड केलेलं त्याच बॉक्सवर चालतं. ते संगणकावर नेता येत नाही आणि बॉक्स बदलला की सगळं जातं.

वाहिनी मिळत नसेल तर

दोन्ही वाहिन्या सक्तीच्या यादीत आहेत. कुठल्याही केबल किंवा डीटीएच चालकाला त्या द्याव्याच लागतात, ‘भारती आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर मान्य करू नका. बऱ्याचदा ती असते, फक्त शेवटच्या शेकड्यात कुठेतरी ढकललेली असते. नेटवर्क शुल्कात (चालक दरमहा घेतो ते जोडणीचं शुल्क) ज्या वाहिन्या मोजतात त्यांत दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या धरल्या जात नाहीत, त्यामुळे त्या घेतल्यानं दुसरी कुठली कमी होत नाही. सापडली की ‘फेव्हरिट’मध्ये नॅशनलच्या शेजारी टाका. दोन बटणांच्या अंतरावर असलेली वाहिनी लावली जाते, आठशेच्या पुढची राहून जाते.

फ्री डिशला मासिक शुल्क नाही. डिश, एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) आणि बॉक्स एवढाच एकदाचा खर्च. उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्वेला. पुण्याहून डिश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं साधारण 132 अंशांवर, म्हणजे जवळपास आग्नेयेला, आणि क्षितिजापासून 59 अंश वर बघते. नागपुराहून तीच दिशा 145 अंशांवर येते, उंची 60. त्या बाजूला आंब्याचं झाड किंवा शेजारची टाकी असेल तर आधी जागा बदला. वाहिन्यांची यादी अधूनमधून बदलते, म्हणून महिन्याकाठी एकदा ‘ऑटो स्कॅन’ करा. जुना एमपीईजी-2 बॉक्स असेल तर एचडी नॅशनल दिसणार नाही, त्याला एमपीईजी-4 बॉक्स लागतो. पावसाळ्यात मोठ्या सरीत चित्र चौकोनी तुकड्यांत फुटणं स्वाभाविक, ढग सरले की परत येतं. पाऊस थांबून तासभर झाला तरी येत नसेल तर एलएनबीला जोडलेल्या वायरच्या तोंडात पाणी गेलंय. तोंड उघडून पुसा, तांब्याची तार हिरवी पडली असेल तर तेवढी कापून नवं कनेक्टर बसवा, आणि वायरला जोडाच्या खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.

फोनवर बघायचं असेल तर प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲप नोव्हेंबर 2024 मध्ये आलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. थेट प्रक्षेपण टीव्हीपेक्षा थोडं मागे चालतं. संगीताला त्यानं फरक पडत नाही, पण शेवटच्या षटकात शेजाऱ्यांचा आरडाओरडा आधी ऐकू येतो.

कुठलं घर, कुठली वाहिनी

शाळकरी मुलं असलेल्या घरानं रविवारची सकाळ आणि रात्रीची मालिका नॅशनलवर ठेवावी. भारतीतलं मुलांना काय दाखवावं तर लोकनृत्य आणि हस्तकलेचे माहितीपट. माती कशी मळतात, करघा कसा चालतो हे मुलं डोळे न हलवता बघतात. तासाभराचा ख्याल त्यांच्यावर लादू नये, नाहीतर ती वाहिनी त्यांच्यासाठी कायमची ‘शिक्षा’ होऊन बसते.

गाणं किंवा नृत्य शिकणाऱ्यांना नॅशनलची फारशी गरज नाही. त्यांनी शुक्रवारी भारतीचं दोन दिवसांचं वेळापत्रक बघून दोन-तीन कार्यक्रम टायमरवर टाकावेत आणि आठवडाभर पुन्हा पुन्हा बघावेत. एकदा नुसतं, एकदा टाळी देत, एकदा आवाज बंद करून फक्त हात आणि पावलं. बॉक्सवरचं वेळापत्रक काही वेळा अर्धवट असतं, नुसतंच ‘शास्त्रीय संगीत’ लिहिलेलं. दूरदर्शनच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांत कलाकाराचं नाव मिळण्याची शक्यता जास्त.

ज्येष्ठ मंडळी एकटी असतील तर दोन्ही. पण त्यांच्या रिमोटवर वाहिनी शोधण्याचं ओझं ठेवू नका. नॅशनल आणि भारतीचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून रिमोटच्या मागे चिकटवा, चित्राचा आकार आणि ‘ऑटो व्हॉल्यूम’ आधीच लावून द्या. त्यांच्या काळातली बरीच नावं भारतीवरच भेटतात.

ज्यांना मराठीच हवं आहे त्यांच्यासाठी या दोन्हीही दुय्यम. नॅशनल मुख्यतः हिंदी, भारती हिंदी, इंग्रजी आणि अधूनमधून इतर भाषांत. त्यांनी सह्याद्री मुख्य ठेवावी आणि तिथे मन लागलं नाही त्या तासापुरतीच भारती लावावी. गाण्याला भाषेची अडचण तशीही कमीच येते.